सोळा आणे कशाचे? जालन्याचा रुपया, जालन्याचे पीक आणि सरकारी आकडा

जालना जिल्ह्यात खरीप काढणीला आला की दरवर्षी एक शब्द वर्तमानपत्रांतून परत येतो, पैसेवारी. अमुक तालुक्यातल्या इतक्या गावांची पैसेवारी पन्नास पैशांच्या वर, इतक्या गावांची आत. या एका आकड्यावर गावाचे वर्ष ठरत आले आहे. पैसेवारी पन्नासच्या आत आली तर जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, पंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, पाण्याचा टँकर. एक्कावन्न आली तर यातले काहीच नाही. शेतात पीक तेच असते, फरक फक्त कागदावरच्या एका पैशाचा असतो.

म्हातारी माणसे आजही पैसेवारीला आणेवारीच म्हणतात. पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते, म्हणून भरघोस पीक म्हणजे सोळा आणे पीक आणि निम्मे बुडाले तर आठ आणे. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणा बाजारातून गेला आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. पिकाला पैशाच्या मापात मोजण्याची ही पद्धत पाहिली की एक प्रश्न पडतो. रुपयाचे सोळा आणे असतात हे सर्वांना ठाऊक आहे, पण पिकाचे सोळा आणे म्हणजे किती क्विंटल? ते कोण ठरवतो?

चलनाचे वाद आणि आकडेवारीचे वाद आपण वेगवेगळे समजतो. पहिला विषय बँकवाल्यांचा, दुसरा सरकारी कारकुनांचा. मराठवाड्याच्या इतिहासात मात्र हे दोन्ही वाद एकाच मुद्द्यावर येऊन थांबतात. भांडण दिसते आकड्याचे, पण खरे भांडण असते प्रमाणाचे. कशाशी तुलना करून मोजायचे, हे ज्याच्या हातात असते त्याच्याच हातात निकाल असतो.

मलिक अंबरची मोजणी

या भागात शेतीच्या उत्पन्नाचा पद्धतशीर हिशेब लावण्याचे श्रेय मलिक अंबरला दिले जाते. निजामशाहीचा हा हबशी वजीर खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत बसून कारभार पाहत होता आणि जालन्याचा मुलूख त्याच्या अमलाखाली होता. ग्रँट डफने त्याच्या महसूल पद्धतीची नोंद केली आहे. मलिक अंबरने मक्तेदारीने वसुली करणे बंद केले. प्रत्यक्ष आलेल्या पिकाचा माफक हिस्सा धान्याच्या रूपात घ्यायला सुरुवात केली. काही हंगामांचा अनुभव गाठीशी आल्यावर त्या हिश्श्याचे रोख रकमेत रूपांतर केले, आणि ती रक्कमही दरवर्षी किती जमीन लागवडीखाली आहे हे पाहून ठरू लागली. धान्याचा हिस्सा पाचात दोन होता असे म्हणतात. रोखीत तो एक तृतीयांशच भरत होता, अशी लोकपरंपरा डफने नोंदवली आहे.

यातली महत्त्वाची गोष्ट दराची नाही, क्रमाची आहे. आधी अनेक हंगाम प्रत्यक्ष पीक पाहिले, मग आकडा ठरवला. रयतेच्या नजरेसमोर मोजलेले धान्य हा त्या आकड्याचा पाया होता. मलिक अंबरचा धारा पुढची दोन-तीनशे वर्षे लोकांच्या तोंडी राहिला, त्याचे कारण हेच असावे. आकडा कुठून आला हे गावाला कळत होते.

एका बाजारात दोन रुपये

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात सर्वांनी ऐकलेली आहे. व्यापाराचे हे गाव. पण या बाजारात रुपया नावाची एकच वस्तू कधी नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या मुलखात ठिकठिकाणी टांकसाळी होत्या. काही सरकारी, काही सावकारांच्या किंवा जहागीरदारांच्या ताब्यातल्या. प्रत्येकाच्या नाण्यातली चांदी वेगळी. औरंगाबादच्या बाजूला गोविंदबक्षी रुपया चाले. एका भागातला रुपया दुसऱ्या भागात घेताना सराफ बट्टा कापून घेई. हा बट्टा किती, हे सराफाच्या पेढीवर ठरे. शेतकऱ्याला आपल्या हातातल्या नाण्याची खरी किंमत सराफ सांगेल तेव्हाच कळे.

पहिले सालारजंग १८५३ साली दिवाण झाले आणि १८८३ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांनी खासगी टांकसाळी बंद करून नाणी पाडण्याचे काम हैदराबादेत आणले. नव्या नाण्याला नाव पडले हाली सिक्का. हाली म्हणजे चालू, सध्याचा. १८५८ नंतर नाण्यावरून मुघल बादशहाचे नाव गेले आणि आसफजाह हे नाव आले. राज्याला स्वतःचे एक चलन मिळाले.

पण शेजारी दुसरा रुपया होताच. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला आपल्याकडे कलदार म्हणत. जालन्याला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, ती १९०३ पर्यंत राहिली. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना असा रेल्वेमार्ग सुरू झाला. जालन्याची रुई, सरकी, धान्य मुंबईकडे जाऊ लागले. मुंबईचा व्यवहार कलदारात आणि गावाचा व्यवहार हालीत. कापूस विकणाऱ्याला दोन भाव विचारावे लागत, कापसाचा आणि रुपयाचा.

१८९३ साली ब्रिटिश सरकारने आपल्या टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. तोपर्यंत कोणीही चांदी द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत अशी सोय होती. टांकसाळ बंद झाल्यावर कलदारची किंमत चांदीच्या भावापासून सुटली आणि काही वर्षांत १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिर झाली. हालीची किंमत मात्र चांदीशी बांधलेली राहिली, आणि चांदी स्वस्त होत होती. साहजिकच दोन रुपयांमधले अंतर डोलू लागले. हा निर्णय लंडन आणि कलकत्त्यात झाला. जालन्यातल्या शेतकऱ्याला त्याचे कारण कळण्याचा मार्ग नव्हता, परिणाम मात्र पेढीवर रोज दिसत होता.

१९०३-०४ पासून चारमिनारचे चित्र असलेला यंत्रावर पाडलेला हाली रुपया आला. चारमिनारच्या कमानीत महबूब अली खान यांच्या नावातला ‘मीम’ असे. पुढे उस्मान अली खान गादीवर आल्यावर तिथे ‘ऐन’ आला. हैदराबाद सरकारने टांकसाळीवर ताबा ठेवून दोन रुपयांचा दर स्थिर ठेवण्याचा प्रयत्न केला. हळूहळू तो सात हालीला सहा कलदार या प्रमाणाच्या आसपास बसला. शंभर कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हा हिशेब पूर्वी व्यापाऱ्यांच्या पोरांना तोंडपाठ असे.

पहिल्या महायुद्धात चांदी दुर्मीळ झाली तेव्हा १९१८ साली हैदराबादने कागदी चलनाचा कायदा केला आणि स्वतःच्या नोटा काढल्या. या नोटांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही मजकूर होता. चांदीचे नाणे वाजवून पाहता येते, कागद वाजत नाही. नोट रयतेने स्वीकारायची तर ती तिच्या भाषेत वाचता आली पाहिजे, एवढे भान त्या निर्णयात होते.

अठरा पेन्स की सोळा पेन्स

विसाव्या शतकातला चलनाचा सर्वात गाजलेला वाद १९२६-२७ चा. रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठेवायचा की जुन्या १ शिलिंग ४ पेन्सवर न्यायचा, हा प्रश्न होता. हिल्टन यंग आयोगाने अठरा पेन्सची शिफारस केली. आयोगातले मुंबईचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून सोळा पेन्सचा आग्रह धरला.

आयोगाचा मुख्य युक्तिवाद आकडेवारीवर उभा होता. देशातल्या किमती आणि मजुरी अठरा पेन्सच्या दराशी जुळून गेल्या आहेत, आता दर बदलला तर पुन्हा उलथापालथ होईल, असे त्याचे म्हणणे. पुरावा म्हणून किमतींचे निर्देशांक होते. ठाकुरदासांनी बोट ठेवले ते नेमके यावर. हे जुळणे झालेलेच नाही, आणि विशेषतः मजुरीबद्दल असे ठाम विधान करण्याइतकी आकडेवारी देशात उपलब्ध नाही, असा त्यांचा आक्षेप होता. निर्देशांक मोठ्या शहरांच्या घाऊक बाजारांतून काढले जात. खेड्यातल्या शेतमजुराच्या हातात काय पडते, याची नियमित नोंद कोणी ठेवत नव्हते. तरीही १९२७ च्या चलन कायद्याने अठरा पेन्सचा दर पक्का झाला.

जालन्याशी याचा काय संबंध, असे कोणी विचारेल. कापसाचा भाव जगाच्या बाजारात पौंडात ठरत होता. रुपया महाग झाला की तेवढ्याच पौंडांचे कमी रुपये मिळतात. हाली कलदारला जोडलेला, म्हणून कमी कलदार म्हणजे कमी हाली. सारा आणि सावकाराचे देणे मात्र रुपयांत ठरलेले, ते कमी होत नाही. आयात करणाऱ्याला आणि लंडनला पैसे पाठवणाऱ्याला महाग रुपया फायद्याचा, शेतमाल विकणाऱ्याला तोट्याचा.

या वादात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आवाज वेगळा होता. ‘रुपयाचा प्रश्न’ हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता आणि या आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. विनिमयाचा दर काय असावा, एवढ्यापुरता प्रश्न त्यांनी ठेवला नाही. रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर असेल तर रुपयाची खरेदीशक्ती घसरण्याचा धोका कायम राहतो, आणि त्याची झळ गरिबाला सर्वात आधी लागते, ही त्यांची मांडणी होती. आजच्या भाषेत सांगायचे तर महागाई हा गरिबावर न सांगता बसवलेला कर आहे.

चलन आणि सत्ता

हालीचा शेवट राजकारणाने झाला. १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली. तिच्याकडे उस्मानिया सिक्क्याची आणि राज्याच्या कर्जाची व्यवस्था आली. संस्थानांपैकी इतके सुसज्ज चलन फक्त हैदराबादकडे होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी जैसे थे करार झाला आणि त्यानंतर लगेच निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात अवैध ठरवले. मौल्यवान धातू बाहेर नेण्यावरही बंधन आणले. दिल्लीने हा कराराचा भंग मानला. पुढची कटुता वाढवणाऱ्या घटनांत या वटहुकुमाचा समावेश होतो.

या निर्णयामागे स्वतंत्र राष्ट्र असल्याचे दाखवण्याची हौस होती. पण जालना, परभणी, नांदेडचा सारा व्यापार मुंबईशी होता. इथला कापूस कलदारात विकला जात होता. राज्यकर्त्यांनी चलनाचा वापर झेंड्यासारखा केला आणि त्याची किंमत अशा बाजारपेठांनी मोजली ज्यांना विचारलेच गेले नव्हते. निजाम राजवटीबद्दल आपल्यात दोन टोके आहेत. एका बाजूला निव्वळ गौरव, दुसऱ्या बाजूला निव्वळ द्वेष. या चलनाचा इतिहास दोन्ही टोकांना बसत नाही. सालारजंगांची टांकसाळ आणि पाच भाषांतली नोट ही चांगल्या कारभाराची खूण होती. १९४७ चा वटहुकूम हा आडमुठेपणा होता. दोन्ही एकाच राज्याचे आहेत.

सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस कारवाईनंतर १९५० मध्ये भारतीय रुपया इथे हालीसोबत चालू लागला. दर सातास सहा. १९५१ मध्ये हाली काढणे थांबले आणि १९५९ मध्ये तो कायमचा बाद झाला. सातशे हालीचे कर्ज सहाशे कलदारचे झाले. ज्याला हिशेब येत होता त्याचे काही बिघडले नाही. ज्याला येत नव्हता त्याने सावकाराची वही खरी मानली.

चार आण्यांसाठी सत्याग्रह

आता पिकाच्या आण्यांकडे वळू. दुष्काळाची सरकारी मोजणी इंग्रजी अमलात पक्की झाली. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. १८९९-१९०० चा दुष्काळ मराठवाड्यावर भयंकर कोसळला. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. या जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत सव्वाआठ लाखांच्या वर होती, १९०१ मध्ये ती सव्वासात लाखांच्या आत आली. एका दशकात एक लाखाहून जास्त माणसांची घट. ही घट कोणत्याही आणेवारीच्या तक्त्यात दिसली नसती. ती माणसे मोजल्यावर दिसली.

आणेवारी हा राजकीय प्रश्न कसा होतो, हे गुजरातेतल्या खेड्याने १९१८ मध्ये दाखवले. मुंबई इलाख्याच्या नियमाप्रमाणे पीक चार आणे किंवा कमी असेल तर सारा वसुली पूर्ण तहकूब व्हायला हवी होती. अधिकारी म्हणाले, पीक चार आण्यांच्या वर आहे. शेतकरी म्हणाले, आत आहे. भारत सेवक समाजाचे गो. कृ. देवधर, ना. म. जोशी आणि अमृतलाल ठक्कर चौकशीला गेले. गांधीजींनी स्वतंत्र पंचांकडून तपासणीची मागणी केली, ती नाकारली गेली आणि खेडा सत्याग्रह सुरू झाला. आकड्याच्या खरेपणासाठी झालेला तो आपल्या देशातला पहिला मोठा सत्याग्रह म्हटला पाहिजे. दहा वर्षांनी बार्डोलीतही तेच झाले. सरकारने सारा २२ टक्क्यांनी वाढवला होता. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून चौकशी केली तेव्हा ज्या माहितीवर ही वाढ उभी होती तीच कच्ची निघाली, आणि वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली.

दोष कुठे होता? देशातल्या पिकाचा अंदाज तीन आकड्यांच्या गुणाकाराने निघे. पेरणीखालचे क्षेत्र, सामान्य वर्षातले एकरी उत्पन्न आणि यंदाची आणेवारी. क्षेत्र पटवाऱ्याकडे असे. आणेवारी नजरेने ठरे. आणि सामान्य उत्पन्न म्हणजे काय, याबद्दल प्रत्येक अधिकाऱ्याची कल्पना वेगळी. हे बदलण्याचे मोठे काम एका मराठी माणसाने केले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात नमुना पद्धतीने पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेते निवडायची, त्यांत ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, तेवढेच पीक कापून, मळून तोलायचे.

त्यावरूनही वाद झाला. कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस छोटे तुकडे कापण्याच्या बाजूचे होते, कारण त्याने खर्च कमी होतो आणि जास्त ठिकाणे तपासता येतात. सुखात्म्यांनी दाखवले की तुकडा फार छोटा असला तर उत्पन्न फुगून येते. कापणाऱ्याचा हात कडेवरची चांगली रोपे नकळत आत घेतो, आणि तुकडा जितका छोटा तितका कडेचा वाटा मोठा. कोणी खोटे बोलत नसतानाही आकडा खोटा होऊ शकतो, हा त्याचा धडा.

दुष्काळ शब्द गेला, दुष्काळ राहिला

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६३ साली महाराष्ट्राने एक अजब कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ हा शब्द वगळण्याचा. त्याच्या जागी टंचाई आली. राज्यात आता पिकांच्या स्थितीवर सतत लक्ष असते, त्यामुळे दुष्काळ पडू दिला जाणार नाही, असा त्यामागचा विश्वास. नऊ वर्षांनी १९७२ उजाडले.

त्या दुष्काळात राज्यात सुकडीचे वाटप झाले, खडी फोडणे, रस्ते, पाझर तलावांची कामे निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात कामावरच्या माणसांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. पैसेवारीवर वाद घालता येतो. पण हजेरीपटावर वाद घालणे अवघड असते, कारण भर उन्हात खडी फोडायला माणूस हौसेने येत नाही. माणसांनी स्वतः येऊन स्वतःची मोजणी करून दिली. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. महाराष्ट्रातल्या सर्वात विश्वासार्ह आर्थिक आकडेवारीपैकी एक त्या हजेरीपटात आहे, असे माझे मत आहे.

त्याच काळात पुण्यात आणखी एक वाद रंगला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास मांडला. माणशी रोज २२५० उष्मांक हे प्रमाण धरून त्यांनी १९६०-६१ साली खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक गरिबीत आहेत असे सांगितले. सुखात्म्यांनी प्रमाणावरच हरकत घेतली. माणसाची गरज रोज बदलते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, म्हणून सरासरी गरज ही किमान गरज मानली तर उपाशी माणसांचा आकडा फुगतो, असे ते म्हणाले. दांडेकरांनी त्याला उत्तरे दिली. दोघेही अभ्यासू, दोघेही प्रामाणिक. पाहणीची आकडेवारी तीच, पण रेघ कुठे ओढायची यावर कोट्यवधी माणसे गरीब ठरत होती किंवा ठरत नव्हती.

१ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. १९८३ मध्ये दांडेकरांच्याच अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली गेली आणि तिने राज्याची सरासरी हे प्रमाण धरून प्रत्येक जिल्ह्याचा अनुशेष काढला. मराठवाड्याच्या राजकारणाला अनुशेष हा शब्द तिथून मिळाला. सिंचन किती, रस्ते किती, शाळा किती, हे पहिल्यांदा शेजारी शेजारी मांडले गेले. पण सरासरी हे प्रमाण धरले की सरासरीपर्यंत पोचणे एवढेच उद्दिष्ट उरते, आणि बाकीचे तोवर पुढे गेलेले असतात.

आजचा हिशेब

२०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या. पंधरा-वीस वर्षे जपलेली झाडे लोकांनी तोडून सरपणाला घातली. पैसेवारी एका हंगामाचे पीक मोजते. झाड मेल्यावर पुढची पाच-सहा वर्षे जाणारे उत्पन्न तिच्यात कुठे बसत नाही. शिवाय यंदाच्या पिकाची तुलना ज्या प्रमाण उत्पन्नाशी होते, ते मागच्या वर्षांच्या सरासरीवरून काढले तर सलग दुष्काळाच्या भागात ते प्रमाणच खाली येते. चार वर्षे पीक बुडाले की पाचव्या वर्षीचे बुडालेले पीक सामान्य दिसू लागते. ज्याला सर्वात जास्त मार बसला, त्याच्याच सोळा आण्यांतले आणे कमी होतात.

२०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेने पैसेवारीऐवजी पावसाचा खंड, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ, जमिनीतला ओलावा असे निर्देशक पुढे आणले. मोजमाप शास्त्रीय झाले, पण गावापासून लांबही गेले. २०२३ मध्ये राज्याने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले तेव्हा जालन्यातले काही तालुके आत होते, काही बाहेर. बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतांपैकी एक दुष्काळी आणि दुसरे नाही, हे शेतकऱ्याला समजावून सांगणारा कोणी नव्हता. पैसेवारीच्या वेळी निदान तलाठ्याला पारावर गाठून जाब विचारता येत होता. उपग्रहाला कोण विचारणार?

देशपातळीवरही विश्वासाचा प्रश्न हाच आहे. २०१७-१८ चे उपभोग खर्चाचे सर्वेक्षण सरकारने प्रसिद्धच केले नाही. रोजगाराच्या अहवालावरून २०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे जालना जिल्ह्याच्या योजना २०११ च्या १९ लाख ५९ हजार लोकसंख्येवर आखल्या जात राहिल्या. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेचे धोरण किरकोळ महागाई ४ टक्क्यांच्या जवळ ठेवण्याशी बांधले आहे. ती महागाई २०१२ हे आधारवर्ष असलेल्या निर्देशांकाने मोजली जात होती, आणि त्यात अन्नाचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. म्हणजे कांदा, टोमॅटो, डाळ महाग झाली की महागाई वाढली असे ठरते आणि निर्यातबंदी येते. शेतकऱ्याला बरा भाव मिळाला ही बातमी मुंबईत संकट म्हणून वाचली जाते. अठरा पेन्सचा वाद वेगळ्या रूपात अजून चालू आहे.

यात मुस्लिम समाजाने आपला प्रश्नही पाहिला पाहिजे. दुष्काळाची मदत सातबारा पाहून येते. जालन्याच्या मोसंबी बाजारातला बागवान, ट्रक भरणारा हमाल, बैलबाजारावर जगणारा कुरेशी, गावात पिंजारीचे काम करणारा माणूस, या कोणाच्याही नावावर सातबारा नसतो. पीक बुडाले की यांचा धंदा बुडतो, पण यांची पैसेवारी कोणी काढत नाही. हीच गोष्ट गावातल्या दलित, भूमिहीन मजुराची. २००६ मध्ये सच्चर समितीने मुसलमानांमध्ये स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचे दाखवले. महाराष्ट्रात महमूदुर रहमान समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. लांगूलचालनाच्या गप्पांना उत्तर द्यायला भाषणे पुरली नव्हती, या आकड्यांनी ते काम केले. म्हणून आकडेवारी खोटीच असते असे म्हणून हात झटकणे आपल्याला परवडणारे नाही. ज्याची मोजणी होत नाही त्याचे दुःख कोणत्याच कागदावर येत नाही.

मग करायचे काय? फार मोठे काही नाही. गावाचे प्रमाण उत्पन्न किती धरले आहे आणि ते कोणत्या वर्षांवरून, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिले जावे. पीक कापणी कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी होणार हे आधी जाहीर व्हावे आणि तोल गावासमोर व्हावा. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्या बुडालेल्या मजुरीची आणि धंद्याची वेगळी नोंद व्हावी. यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी नवा कायदाही लागत नाही. ग्रामसभेत ठराव करून मागणी करता येते, माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. मुस्लिम तरुणांनी या अर्जांवर मराठा, धनगर, दलित शेजाऱ्यांबरोबर सही करावी, कारण पैसेवारी सगळ्या गावाची एकच निघते.

सराफाच्या पेढीवर बट्टा कापला जात होता तेव्हा रयतेकडे दुसरा तराजू नव्हता. आज तो मागण्याचा हक्क आहे. पन्नास पैसे की एक्कावन्न, हे भांडण दर डिसेंबरात होत राहील. त्याआधी जूनमध्येच एक प्रश्न तहसीलमध्ये लेखी विचारून ठेवला पाहिजे. आमच्या गावाचे सोळा आणे तुम्ही किती क्विंटलचे धरले आहेत?